माया

प्लास्टर कापलं तेव्हा आतून निघालेला पाय
माझा वाटेना.
कुणाचा तरी उसना, शेवग्याच्या शेंगेसारखा.

शिकलगार मॅडमनी टेप गुंडाळली
गुडघ्याच्या वाटीवर चार बोटं सोडून,
कागदावर सेंटिमीटर लिहिले.
मी टेपची दुसरी बाजू वाचली.
उजवी साडेएकोणीस. डावी सतरा.
एकवीस वर्षं बालाजीनगरात मापं घेतेय,
अर्ध्या इंचासाठी बायका भांडल्यात माझ्याशी.
इथे अडीच, आणि भांडायचं कुणाशी?

त्या रात्री सगळ्या सलवारींचा डावा पाय आत घेतला.
जादा कापड कापलं नाही.
ठरवून नव्हे. हाताला सवय आहे,
शिवणीत माया ठेवायची.

आधी नुसता पाय उचलायचा, खाटेच्या कडेला बसून.
पाच मोजेपर्यंत धर.
दोनलाच थरथरला,
गाठ आलेल्या दोऱ्यावर सुई थरथरते तसा.

मग वजन. विकतची पिशवी सहाशेला.
मी जीनच्या कापलेल्या पायाची शिवली, दुहेरी टीप मारून,
समोरच्या बांधकामावरची वाळू भरली, वॉचमनला विचारून,
आणि ओसवालच्या काट्यावर ठेवली.
अर्धा किलो भरली.
"ताई, वाळू कशाला?"
"खायला," म्हटलं.

मॅडम म्हणतात, दहातले शेवटचे दोन जड गेले पाहिजेत.
सहज झालं तर मांडीला कळणारच नाही
कुणी काही मागतंय म्हणून.
हे मला पटलं.
उधारी वसूल करायला मी अशीच जाते,
रोज, आणि कालपेक्षा थोडं जास्त मागत.

शेजारच्या टेबलावर टिळेकर अण्णा,
अर्धांगातून उठलेले,
हिरवा रबर ओढतात आणि आकड्यांच्या जागी शिव्या मोजतात.
दहा शिव्यांची एक फेरी.
मंगळवारी अकरावी आली.
आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या,
मॅडमनीसुद्धा, दुसरीकडे बघत.

पाचव्या आठवड्यात टेप हललीच नाही.
रडले. मटकी भिजत घातली.
वाळू वाढवली, पाऊण किलो, मग सव्वा.

स्वारगेटच्या बसची पहिली पायरी चौदा इंच आहे.
मोजलीय मी, थांब्यावर वाकून,
कंडक्टर डबल बेल द्यायच्या आत.
परवा ती डाव्या पायाने चढले.
मागच्या बाईने ढकललं थोडं, ते धरायचं नाही.

पोराने मशिनला मोटर बसवून दिली होती.
काल ती सोडवली, पट्टा चढवला.
लोखंडी पायडल आधी अडून बसलं,
मग पाय आणि ते, कुणी कुणाला ढकललं सांगता येत नाही,
एक ब्लाऊज झाला.
मांडी रात्रभर ठणकली,
आणि मी अंधारात तिच्यावर हात ठेवून पडले.

आज ब्लेडने सलवारीची टीप उसवली.
एक इंच सोडला. सगळी माया नाही.
जुन्या टिपेची भोकं दिसतात ओळीने.
धुतल्यावर बुजतात, असं मी गिऱ्हाइकांना सांगते.