उतार

माळव्याच्या सपाटीवर चढ शोधावा लागतो.
पहिले तीन महिने माझा डोंगर म्हणजे
राजेंद्र नगरचा उड्डाणपूल.
वर, खाली, वर, खाली, चौदा वेळा.
बॅरिकेडपाशी पेंगणारा शिपाई एकदा विचारून गेला,
"मॅडम, कुछ गिर गया क्या?"
हो म्हटलं असतं,
पण तेवढा श्वास कुठे होता.

आता रविवारी जानापाव.
महूच्या पुढे, अंधारात, स्कूटर मी चालवते,
मागे मुळ्ये, थर्मास पोटाशी धरून.
वय त्रेसष्ट, गळ्यात शिट्टी, खिशात वही,
आणि गेल्या श्रावणापासून
हृदयात जाळीची एक बारीक नळी.

मी ईसीजी काढते. सतरा वर्षं झाली.
गार जेल, छातीवर सहा चकत्या,
"काका, हलू नका,"
आणि गुलाबी चौकटींवरून सरकत येतात
लोकांचे डोंगर.
मुळ्यांचा मीच काढला होता.
एक रेघ जिथे खाली यायला हवी
तिथे आलीच नाही, वरच तरंगत राहिली.
कागद फाडून मी डॉक्टरांकडे पळाले.
तीच माझी पहिली शर्यत.
चाळीस पावलांची, रबरी चपलांत.

पायथ्याशी शिट्टी वाजते.
वाट आधी साधी वाटते,
सागाची पानं पापडासारखी मोडतात,
मग मुरूम, मग काळे धोंडे,
मग पोटऱ्यांना आपापली मतं फुटतात.
चढावर कुणी धावत नाही खरं तर,
हट्टानं चालतं, जरा लाजत.
तोंडात लोखंडाची चव.
कानात माझंच मशीन.

माथ्यावरून पाणी दोन्हीकडे जातं म्हणतात.
इकडे सांडलं तर चंबळ, तिकडे सांडलं तर नर्मदा.
मी गुडघ्यांवर हात टेकून वाकते
आणि नाकाच्या शेंड्यावरून घाम गळतो,
एक थेंब बंगालकडे,
एक खंभातकडे,
मी कुणालाच पत्ता सांगितलेला नसतो.

चढता यायचं. उतरता येत नव्हतं.
टाचा रोवून, अंग मागे टाकून
मी सगळा डोंगर अडवत खाली यायची.
कार्तिकात आपटले. गुडघा फुटला.
खडीत बसून फुंकर घालत होते
तेव्हा शेजारून थावरीबाई गेली,
डोक्यावर मोळी, अंगठा तुटलेली चप्पल,
मान जागची हलली नाही,
फक्त पावलं, भुरूभुरू, तांदूळ निवडल्यासारखी.
"रोक मत, बई. नाना-नाना पग मेल."
एवढं म्हणेपर्यंत वळणाआड गेलीसुद्धा.

नोंद मुळ्यांच्या वहीत आहे:
चढ एकोणपन्नास मिनिटं. उतार एकतीस.
एकतीसच्या खाली दोन रेघा.
मार्चमध्ये घाटातली शर्यत, बेचाळीस किलोमीटर.
तिचे पैसे त्यांनी जूनमध्येच भरले होते,
स्वतःसाठी.
पिवळा शर्ट आला तो मोठ्या मापाचा.
तो मी घालते, कमरेशी गाठ मारून.
यावर आम्ही कधी बोललो नाही.
गाठ मारली की वाऱ्यानं फुगत नाही, इतकंच.

आज धुकं होतं, चार पावलांपुढचं दिसत नव्हतं.
म्हणून असेल, मी अडवलं नाही.
पाय आपोआप बारीक पडत गेले,
दगड यायचे आणि मागे राहायचे,
कुणी हाक मारून विसरावं तसे.

खाली मुळ्यांनी थर्मासचं झाकण फिरवलं.
"उतार कसा?"
आमच्या दवाखान्यात तापाच्या माणसाला
नातेवाईक असंच विचारतात.
"आहे," मी म्हटलं. "तुम्हाला?"
त्यांनी घड्याळ पाहिलं, वही मिटली,
गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात दिली,
स्वेटरची वरची गुंडी लावली
आणि पहिल्या वळणापर्यंत चालत गेले.

मागच्या रविवारी पळसापर्यंतच गेले होते.
मी वही उघडली.
वेळ लिहिली. खाली रेघ मारायला
पेन शोधत होते, तर धुक्यातून आवाज आला,
"अहो, शिट्टी वाजवायची असते!"