रिवाइंडिंग

नाना पेठेत माझं दुकान. जळक्या मोटारी रिवाइंड करतो.
वार्निशचा वास एकवीस वर्षं जेवणाच्या डब्यातसुद्धा आहे,
त्यामुळे वाटायचं, तारेबद्दल आता मला कुणी काही शिकवू नये.

आधी तळवे गेले. म्हणजे होते,
पण चपलेत कुणी गादी घालून ठेवल्यासारखे.
मग गुडघे. शुक्रवारी घरचा जिना बसून बसून चढलो,
आणि रविवारी ससूनच्या खाटेवर
डॉक्टर बोकीलबाईंनी गुडघ्याखाली हातोडी मारली,
पाय हललाच नाही.
दुसऱ्या पायावर मारली. तोही गप्प.

"ह्याला मेंदूची परवानगी लागत नाही," त्या म्हणाल्या,
"निरोप मणक्यापर्यंत जातो, तिथूनच उत्तर घेऊन परत फिरतो."
म्हणजे पेठेतलं पेठेत मिटवायचं, मी म्हणालो,
कॉर्पोरेशनला न कळवता.
त्या हसल्या. मीही हसलो, तोंडाच्या एकाच बाजूनं.

मग केसपेपरच्या मागे चित्र काढलं:
वर मेंदू, कण्यातून खाली उतरलेला जाड दोर,
दोन्हीकडून फुटत गेलेल्या तारा,
काही बातमी आत आणणाऱ्या, काही हुकूम बाहेर नेणाऱ्या.
कमरेपासून अंगठ्यापर्यंत एकेक तार सलग,
माझी दुकानातली मीटरपट्टी लावावी एवढी.
तारेवर चरबीचं वेष्टण, मधे मधे बारीक फटी,
आणि निरोप त्या फटीवरून ह्या फटीवर
उड्या मारत पळतो.
"तुमच्याच शरीराच्या पहारेकऱ्यांनी हे वेष्टण खरवडलंय.
आतली तार शाबूत आहे असं धरून चालू."

इन्सुलेशन गेलंय म्हणा ना बाई.

सकाळ-संध्याकाळ एका श्वासात आकडे म्हणायला लावायचे.
तेवीस. सोळा. अकरा.
मी वेढे मोजून पोट भरणारा माणूस,
सातवर अडकलो तेव्हा कुणी काही बोललं नाही,
नुसता पडदा ओढला.

नळी घातल्यावर जे कळलं ते चित्रात नव्हतं.
हृदय मला न विचारता चालतं, हे ठाऊक होतं;
पण ते मध्यरात्री, समोर जिना नसताना,
चार मजले चढल्यासारखं पळायला लागलं.
घाम आपला आपण. पोट आपलं आपण.
दुकानावर पाटी माझी, गल्ल्यावर बसलेला भलताच कुणी.

ऐकू सगळं येत होतं.
स्टेशनातून सुटणाऱ्या गाडीचा भोंगा,
शेजारच्या खाटेवरची वाटी पडली ती,
आणि सुलभा तिच्या भावाला सांगत होती,
"त्यांना समजतंय का, देव जाणे."
समजत होतं गं.
फक्त वरचं खाली उतरत नव्हतं.

नळी निघाली. फिजिओथेरपीची इनामदार म्हणून पोरगी यायची,
माझे डोळे मिटायला लावून अंगठा हलवायची.
"वर का खाली?"
मी ठोकून द्यायचो. दहातले पाच बरोबर.
"अंदाज नको काका," ती म्हणायची,
आणि पुन्हा पहिल्यापासून.

त्या आठवड्यात इम्तियाज आला, भाजीच्या पिशवीत
धायरीच्या सोसायटीच्या पंपाचा स्टेटर लपवून.
सिस्टर ओरडल्या.
त्यानं माझा हात उचलला, उचलावा लागला,
आणि बोटं स्लॉटमधल्या तारेवर ठेवली.
बराच वेळ काहीच नाही. बोटं आहेत, समोर दिसतायत, एवढंच.
तो पिशवी आवरायला लागला.

गार.

मी डोळे मिटले. पुन्हा बघितलं. गारच होती,
आणि करंगळीला नाही, अंगठ्यालाही नाही,
मधल्या बोटाच्या टोकाला, तिळाएवढं.

"किती वेढे घातलेस?" आवाज फाटका, माझाच.
"ऐंशी, उस्ताद."
"ब्याऐंशी लागतात रे ह्याला.
उकल सगळं."