घर पाण्यात असताना

आधी शाळा बंद झाली. मग दवाखान्याची होडी
पंधरवड्यातून एकदा येऊ लागली, मग तीही नाही.
तेव्हा मीच म्हणाले,
घर उचलून पलीकडच्या बेटावर नेऊ.
बेलार्मिनो काही बोलला नाही.
त्याचं न बोलणं मी होकारात जमा केलं.

आमच्या चिलोएत घर असं हलवतात :
खांबांवरून उतरवायचं, खाली ओंडके सारायचे,
बैलांच्या सहा जोड्या किनाऱ्यापर्यंत,
आणि भरती आली की दोर मोटरबोटीला.
सगळं गाव राबतं. गावाला पोटभर जेवू घालायचं, एवढीच मजुरी.
दोन मेंढ्या पहाटेच कापून झाल्या होत्या.
पलीकडे वाळूतल्या खड्ड्यात दगड तापत होते,
शिंपल्यांसाठी, बटाट्यांसाठी.

एलादिओनं दार खिळे ठोकून बंद केलं.
शेवटच्या खिळ्यावर हातोडी पडली
आणि माझ्या मनात आलं, थांब.
म्हटलं नाही.
दोराला चाळीस माणसं होती. चाळीस माणसांना
थांबा जरा, मला पुन्हा विचार करू द्या, असं
कुठल्या तोंडानं सांगतात
ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

घर पाण्यात उतरलं.
आधी उंबरठा भिजला, मग खिडकीची खालची चौकट,
आणि मग एकदम हलकं होऊन तरंगलं,
किंचित डावीकडे कलून,
जिकडे चूल आहे तिकडे.
चूल आधी काढून घेऊ, असं मीच म्हटलं होतं,
आणि राहू दे असंही मीच.

मी मागच्या होडीत, मांडीवर घड्याळ आणि कोंबडी.
मन तळ्यात-मळ्यात,
घर तर खरोखरच तळ्यात.
आणि अख्ख्या हिवाळ्यात जे एकदाही आठवलं नाही
ते आता दाटीवाटीनं आठवायला लागलं :
आपल्या झऱ्याचं पाणी उन्हाळ्यातही दात शिवशिवतील इतकं गार.
सकाळचं ऊन बरोबर टेबलावरच्या ब्रेडवर पडायचं.
शेजारची डोरिला नेलेलं भांडं
रिकामं कधीच परत करत नसे, आत एक अंडं असायचंच.
कुठे होते हे साक्षीदार?
निकाल लागल्यावर आले,
धापा टाकत, टोप्या हातात घेऊन.

बेलार्मिनो छपराच्या आढ्यावर बसला होता,
एका हातात झेंडा, दुसऱ्या हातात धुराडं.
तो हसत होता की त्याच्या डोळ्यांवर ऊन होतं
हे एवढ्या अंतरावरून कळेना.
सत्तावीस वर्षांनी मला ते कळायला हवं होतं.

मध्यावर एलादिओनं वळून पाहिलं.
रोसेन्दा, दोर सैल पडतोय, ओढू ना?
तो दोराबद्दलच विचारत होता.
मी उगाच इकडच्या किनाऱ्याकडे पाहिलं,
तिकडच्या किनाऱ्याकडे पाहिलं,
कोंबडीकडेसुद्धा पाहिलं.
ओढ, म्हणाले.

आता वर्ष होईल.
इथे वारा उत्तरेचा, चूल नीट धूर ओढत नाही.
दवाखाना दहा मिनिटांवर आहे.
अजून कुणी आजारी पडलेलं नाही.
घर बसवताना थोडं तिरकं बसलं,
सरळ करायचं का, त्यांनी विचारलं होतं,
आणि आणखी एक निर्णय घ्यायचं माझ्या जिवावर आलं.
म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीतून
बटाटे सोलता सोलता रोज दिसतो
समोरच्या उतारावर एक चौकोन,
आपल्या घराच्या मापाचा.
तिथलं गवत इतर गवतापेक्षा हिरवं आहे.
तेही चुकीचं वाटतं मला, ते इतकं हिरवं असणं.

परवा रात्री शेवटी विचारलंच,
बेलार्मिनो, बरोबर केलं ना आपण?
"आपण" म्हणताना जीभ जराशी अडखळली.
तो इतका वेळ गप्प राहिला
की मी ते गप्प राहणं कुठेही जमा केलं नाही,
नुसती वाट पाहिली.

छपरावरून छान दिसत होतं, तो म्हणाला.

कुठलं? इकडचं की तिकडचं?

पण त्याला झोप लागली होती,
आणि पलंग, मला वाटलं,
किंचित डावीकडे कलला.