सतरावी बरणी

ट्रायक्लोसानचा डबा मागच्या फळीवर ठेवला,
तोंड भिंतीकडे करून.
सहा वर्षं सांगेल ते केलं बिचाऱ्याने,
समोर येईल त्याला मारलं,
ओळखीचा का अनोळखी, विचारलं नाही.

आता कुंडईच्या या पत्र्याच्या शेडमध्ये
रोज नवे उमेदवार.
हळद गुणी, पण जाईल तिथे
आपलं नाव लिहून येते.
लवंग भेगेत शिरते ती भांडायलाच.
टी-ट्रीचा वास उतरवून
मी कडुनिंब लावला, तेव्हा एस्पेरान्स
हात नाकाशी नेऊन म्हणाली,
"बाये, हांव नुस्तें विकतां, वखद न्हय."

मामेभाऊ उल्हास म्हणाला, फेणी घाल.
घातली. ती कळवळली, मग हसली:
"गिरायकां येतलीं, पूण नुस्त्याक न्हय."

नववी बरणी बुरशीने घेतली.
चूक माझी. पाणी घातलं
आणि पीएच मोजायचा राहिला.
झाकण उघडलं तर आत हिरवी मखमल,
इतकी सुबक की फेकताना
क्षणभर हात थांबला.

एस्पेरान्सला काही सुंदर व्हायचं नाही.
फोंड्याच्या बाजारात पहाटेपासून बर्फ,
बांगड्याचे कल्ले, सुंगटांची टोकं, मीठ.
रेशनच्या दुकानातलं यंत्र
तिचा अंगठा ओळखत नाही.
पोरगा म्हणतो, पुसून ठेवा.
ती पुसते. पुन्हा ठेवते.
मागची रांग उसासते.

तोच अंगठा मी अगारच्या ताटलीवर टेकवून घेतला.
दोन दिवसांनी ठिपके उगवले:
पिवळे, दुधाळ, एक केशरी.
रेषा कुठेच नाहीत, नुसते चिरे,
आणि चिऱ्यांच्या कडेकडेने वस्ती.
यातले किती तिचे जन्माचे शेजारी,
किती बर्फाच्या पेटीतून आलेले,
भिंगातून सांगता येत नाही.

सतराव्या बरणीत भिरंडेल वितळवलं,
आणि नारळातून काढलेलं मोनोलॉरिन:
रंग नाही, वास नाही,
मिरवण्यासारखं काहीच नाही.
ताटलीत त्याने मोकळं केलेलं वर्तुळ
सहा मिलिमीटर.
ट्रायक्लोसानचं चोवीस होतं.
वहीत दोन्ही आकडे लिहिले,
एकाखाली एक, आणि बराच वेळ
पेनाचं टोपण लावलं नाही.

महिन्याने ती आली, रिकामी बरणी घेऊन.
अर्धी जावेने नेली म्हणाली,
टाचांना.
आणि यंत्र?
तिसऱ्या खेपेला घेतलं.

क्रीममुळे, की त्या दिवशी
बाजार बंद होता म्हणून,
की पोराने काच पुसली होती,
काय लिहू?

तिने टेबलावर अंगठा दाबला, मला दाखवायला.
स्टीलवर तेलकट ठसा उमटला,
दोन चिरे अजून आहेत,
त्यांच्यामधून वळत गेलेल्या चार-पाच रेषा.
संध्याकाळी टेबल पुसताना
तेवढी जागा मी सोडली.