उपयोगिता प्रमाणपत्र

रायलादेवीच्या तळ्यावर सकाळी सहाला
आम्ही बादल्या उलट्या घालतो.
सहा बादल्या, वागळे इस्टेटमधल्या एका शेडमधून
बुडाला भोक पाडून आणलेल्या,
कडेने थर्माकोल, वर औषधाच्या दुकानातली सलाइनची नळी.
'आयात उपकरणे' या रकान्यात
यातलं काहीच बसत नाही.

हरेश्वर वैती वल्हं अलगद टाकतो.
गाळ ढवळला की आकडा खोटा येतो,
एकदाच सांगितलं होतं त्याला.
आता तोच दटावतो
काठावरून माशांना पाव टाकणाऱ्या काकांना:
ओ, विज्ञान चाललंय.

तळाशी काय असेल, विचारलं तर म्हणाला,
सगळंच. निर्माल्य, कणकेचे गोळे, कुणाची चप्पल,
आणि माझ्या बापाचं जाळं, त्र्याऐंशी सालचं.
ते सगळं खाली अंधारात सावकाश कुजतं
आणि वर येतं
एक बुडबुडा होऊन.
मग बराच वेळ काही नाही.
मग एकदम तीन.

दिल्लीत समितीपुढे बारा मिनिटं मिळाली होती.
एक सर म्हणाले, हे काम तर उत्तरेत चालतं,
तिथे तळी लाखांनी आहेत,
तुमच्या ठाण्यात किती?
दुसरे चष्मा पुसत म्हणाले, मॅडम,
पैसा लावायचा तो बुडबुड्यावर?
आणि हसले.
मीही हसले. सही त्यांचीच लागते.

पहिला हप्ता आला त्याला अठरा महिने झाले.
दुसरा अडकलाय तीनशे चाळीस रुपयांत.
'होडीभाडे. पावतीवर जीएसटी क्रमांक नाही.'
पावती हरेश्वरने दिली होती वहीच्या दुरेघी पानावर,
वळणदार अक्षरात, खाली 'आपला नम्र'.
त्या नम्रवरूनच गेलीय लाल शाईची रेघ.

मग एक जाहिरात सापडली.
गोडं पाणी, हरितगृह वायू, निधी भरपूर.
रात्री दोनपर्यंत अर्ज भरत बसले.
शेवटच्या पानावर अट:
अक्षांश पन्नासच्या वर.
आम्ही एकोणीसवर.
तरी पाठवला.

उत्तरेकडून उत्तर आलं, फार सभ्य.
कुणी लीना नावाची बाई, दिलगीर होती,
सोबत तिच्या तळ्याचा फोटो:
काळ्या बर्फात गोठलेले बुडबुडे,
एकाखाली एक, पांढरे,
जुन्या चांदीच्या रुपयांची चळतच.
आमचा हिवाळा त्यांना धरून ठेवतो, तिने लिहिलं होतं,
मोजायला निवांत वेळ मिळतो.
तुमच्याकडे कोण धरतं?

हरेश्वरने फोन हातात घेतला,
ओली बोटं आधी लुंगीला पुसून.
बोटांनी फोटो मोठा केला, लहान केला.
म्हणाला, यांचं बरंय.
यांचं पाणीच पावती देतं.

आमचा हिवाळा एवढाच:
विभागातला फ्रिज, एकशे नव्वद लिटरचा,
त्यात चारशे बारा कुप्या,
आणि मागच्या बाजूला कुणाचा तरी डबा.
यंत्राचं हेलियम संपलंय फेब्रुवारीपासून.
रबरी बुचं फार दिवस दम धरत नाहीत.
सात जानेवारीची सकाळ
हळूहळू निसटत असेल त्यातून, मोजली न जाता.
एकतीस मार्चला उरलेली रक्कम परत जाईल.
तळ्याला मार्च कळवायचा कसा?

काल हरेश्वर जांभळी नाक्यावरून
शिक्का बनवून घेऊन आला.
'वैती नौका सेवा, ठाणे.'
क्रमांक नाहीच, पण कोपऱ्यात एक मासा आहे.
शिक्क्याला एकशे ऐंशी लागले.
त्याची पावती घ्यायला विसरला.

मी ते पान जोडणार आहे.
जोडपत्र क, मासा.

आता जरा गप्प बसा, तो म्हणतो, कान तिकडे लावून.
चौथ्या बादलीत आतून
काहीतरी लागलं,
टक्.