इंजिन बदललं तेव्हा

जिंतुरात, चक्कीच्या वरच्या खोलीत
आम्ही तिघं चार वर्षांपासून एक बारव बांधतोय.
पाण्याचा थेंब नाही, दगडाचा कण नाही,
तरी अडुसष्ट पायऱ्या झाल्यात
आणि एक देवकोष्ठ, अजून रिकामं.

खाली पट्टा फिरला की वर टेबल थरथरतं.
ज्वारीचं पीठ कॉम्प्युटरच्या पंख्यात जाऊन बसतं,
शिवकांता रविवारी ते ब्रशनं काढते,
एलिमेंटरीच्या परीक्षेतल्या ब्रशनं.

मोईननं इंजिन हातानं लिहिलं होतं.
नाव ठेवलेलं रहाट.
रहाटात ऊन एकाच बाजूनं यायचं.
सावली म्हणजे मी काढलेला काळा डाग,
सूर्य सरकला तरी जागची हलायची नाही.
दगड तीनच. तेच फिरवून फिरवून लावलेले,
पंगत मोठी दिसावी म्हणून
तीच माणसं पुन्हा बसवावीत तसे.

खेळून बघणारे म्हणायचे, छान आहे,
पण बारव प्लास्टिकची वाटते.
प्लास्टिकची.
महिनाभर हा शब्द दातात अडकून होता.

मग मीच म्हणाले, इंजिन बदलू.
मोईननं चहा संपवला,
पेला पालथा ठेवला
आणि दोन दिवस आला नाही.

लिंबाजीकाकांनी जिन्यात गाठलं.
"इंजिन बदलायलात म्हणं. किती हॉर्सपॉवरचं?"
तसलं नाही काका, म्हटलं, उजेड पाडायचं.
ते पिठाच्या भुवया वर करून थांबले.
"आम्ही बी डिझेलचं काढून मोटर बसवली.
आवाज गेला, पीठ तेच.
दगडाला टाकी लावावी लागती, बाई.
इंजिनानं काय होतंय."

तिसऱ्या दिवशी मोईननं स्वतःच सगळं हलवलं.
रात्री दीडला बारव उघडली
ती अख्खी भडक गुलाबी,
लग्नातल्या सरबतासारखी.
एकाही दगडाला स्वतःचा रंग सापडेना.
आम्ही हसलो. मोईनही, थोडा उशिरा.

रंग परत जोडत गेलो, आणि पहाटे कधीतरी
ऊन खाली उतरलं.
पायरीवर पडलं, तिथून उठलं,
वरच्या तुळईच्या पोटाला लागलं.
त्याला कुणी सांगितलं नव्हतं.
आणि त्याच उजेडात दिसलं,
माझे तिन्ही दगड किती खोटे होते ते.

मग स्कूटीवर शिवकांता, मी,
फोन आणि एक करडा पुठ्ठा.
खऱ्या बारवेत उतरलो. चारशे बारा फोटो.
काळा दगड काळा नसतोच,
उन्हात वांग्याच्या देठाजवळचा,
ओलीत म्हशीच्या पाठीचा,
आणि कोपऱ्यात, जिथं कुणी चुना पुसलाय, तिथं
त्याला नाव नाही.
पोहायला आलेलं एक पोरगं ओरडलं,
"ओ ताई, त्या पायरीवर पाय देऊ नका,
डुलती ती."
दिला. डुलली.

रहाटात एक्केचाळिसावी पायरी
दोन बोटं हवेत तरंगायची.
मोईनची जुनी चूक, कुठल्यातरी बेरजेतली.
नव्या इंजिनात ती कुठंय, विचारलं.
"बसली आपोआप," तो म्हणाला,
माझ्याकडे न बघता.

काल रात्री एकटीच होते.
एक्केचाळिसावी उचलली, दोन बोटं,
आणि पाय पडला की किंचित डुलेल अशी ठेवली.
खाली दगडाची सावली लगेच आली,
पातळ, बरोबर तिच्या जागी.

आज मोईन खेळून बघतोय.
चाळिसावी. एक्केचाळिसावी.
त्याचा माणूस पायरीवर उभा आहे.
खाली लिंबाजीकाकांनी चक्की सुरू केलीय,
सगळंच हलतंय, टेबल, पेला, बारव,
आणि मोईन केव्हापासून
कुठलंच बटण दाबत नाही.