खुंट नंबर एकवीस

चिठ्ठी उघडली तेव्हाच कळलं.
एकवीस.
पाळीच्या कोपऱ्यातला, बेशरमीच्या झुडपांआडचा खुंट,
जिथे ऊन दहा वाजेपर्यंत येत नाही
आणि मासा, म्हणतात, होळीपर्यंत.

"एकवीस का? बाप्पा!" हसला गोवर्धन वलथरे,
आमच्या गरी मंडळाचा सचिव, गळ्यात शिट्टी, कानाला मफलर.
"डबा आणला ना घरून? मंग झालं."

धुक्यात तलाव नव्हताच.
पलीकडे कुठेतरी बदकं घसा साफ करत होती
आणि पाळीखालच्या बांधीत
लाखोळीवरचं दव माझ्या पायजम्यानं गुडघ्यापर्यंत पिऊन घेतलं होतं.
डब्यातली गांडुळं
थंडीनं एकमेकांत गाठ मारून बसलेली.
कणकेत ढेप कालवली, चिमूटभर मोहफूल.
बोटांना वास लागला, बोटं मात्र माझी वाटेनात.

शिट्टी.
चाळीस गऱ्या एकदम पाण्यात.
मग काही नाही.
काही नाही म्हणजे किती,
हे गरीवाल्यालाच विचारावं.

आठ. साडेआठ. पावणेनऊ.
सातव्या खुंटावर कोणीतरी खोकलं,
तेवढीच बातमी.

विसावर यादोराव नान्हे, ढिवरटोलीचा.
हा तलाव त्याच्या बापानं पोहत मोजलेला.
जाळं असतं तर एव्हाना घरी असता.
आज नियमानं एक बांबू, एक दोरा,
आणि मांडीवर बिडीचा कट्टा.
"मासा निजला हाये," तो पाण्याकडेच बघत म्हणाला.
"त्याले उठवाचं नाई.
उशाले ठेवून द्याचं, गव्हाएवढं."

मी जाड गळ कापला.
पोरं कोटरीला लावतात तो बारीक बांधला,
तिसऱ्या खेपेला गाठ बसली.
गांडुळाचा तुकडा, गव्हाएवढा.
ढेपेचा गोळा परत डब्यात.

मोराच्या पिसाची काडी बुडाली नाही.
फक्त थांबली,
बोलता बोलता एखाद्याला काही आठवावं तशी.
उचललं.
करंगळीएवढी कोटरी, सगळा हिवाळा अंगात घेऊन थंडगार.

मग एक खवली. मग अर्धा तास काही नाही.
मग कोटरी, कोटरी, पोष्टी,
एक काटा बोटात, माझ्याच.
बाराला भाकरी खाल्ली ती डाव्या हातानं.
मागे उभ्या पोरानं पाण्याची बाटली पुढे केली,
"काका, एक द्या ना."
दिली. पोष्टीच होती.
जाळीत टाकायला हात गेलाच होता.

तीनला शिट्टी.
तोलायला हिरड्याचा काटा, गोदामातून आणलेला,
त्याला अजून तुरट वास.
वलथरेनं जाळी दोनदा झटकली, पाणी मोजायचं नाही म्हणून.
आठशे चाळीस.
चौदा नंबरचा पतसंस्थेवाला दिघोरे,
दिवसभर झोपला होता टोपी तोंडावर घेऊन,
शेवटच्या घटकेला त्याला एकच कतला लागला.
आठशे पंचावन्न.

त्याला ब्लँकेट. मला स्टीलचा डबा, झाकण घट्ट.
पंधरा ग्रॅम म्हणजे केवढी पोष्टी,
असा हिशेब मी केला नाही,
असं म्हणतो आहे.

मासे परत सोडले. कोटऱ्या लगेच गेल्या,
कतला थोडा वेळ काठाशी उभा राहिला,
पत्ता विसरल्यासारखा.
यादोरावची जाळी कोरडीच.
"तुमी माया उशाचं ऐकलं," म्हणाला,
"मीच नाई ऐकलं," आणि हसता हसता खोकला.

रपट्यावर ते पोरगं बाटली उन्हाला धरून उभं.
"काका, हे काय खाते?"
"थंडीत? काई नाई," मी म्हणालो
आणि सायकल पुढे काढली.

एक कोस गेल्यावर,
धानाच्या पुंजण्यांपाशी, खरं उत्तर आठवलं.
गव्हाएवढं.
मागे वळून पाहिलं.
रपट्यावर आता कोणीच नव्हतं.